आत्यांची वाम

बँकेतल्या साहेबांच्या बायकोने चहाचा पहिला घोट घेतला आणि नेमकं त्याच वेळी आत्यांनी पदराआडून एक लांबलचक गांडूळ काढून काचेच्या टाकीत सोडलं.

“अगं बाई,” म्हणत त्यांनी कप बशीत ठेवला. “हे काय?”

“जेवान,” आत्या म्हणाल्या.

“कुणाचं?”

“वामीचं.”

बाईंनी टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. टाकीत पाणी होतं, तळाला चार बोटं जाड वाळू होती आणि त्याखेरीज काही म्हणजे काही नव्हतं. गांडूळ वळवळत खाली गेलं आणि वाळूवर पडून राहिलं. दिनकरने खाकरून बोलणं बँकेतल्या बदल्यांवर नेलं, पण त्याचे कान लाल झाले होते.

दिनकर म्हणजे आमचे हे. तोंडावर मी कधी नाव घेतलं नाही, लिहिताना घेते, तेवढीच हौस. आणि आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. आम्ही भोई. कृष्णेच्या काठी जाळी टाकणारी आमची माणसं, आणि त्यातला दिनकर हा पहिला नोकरीवाला. सांगलीला सहकारी बँकेत होता. आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट होता, मुलगा पुण्याला शिकायला होता, आणि मी हॉलमध्ये खिडकीशी मशीन मांडून ब्लाऊज शिवत असे. पाहुणे गेले की दिनकर काय म्हणणार हे मला ठाऊक होतं, आणि तो तेच म्हणाला.

“कुंदा, आईचं डोकं चालत नाही आता.”

“हळू बोला.”

“त्या टाकीत काही नाही. असलीच तर केव्हाच मेली असेल. ही रोज तिला जेवू घालते, तिच्याशी बोलते. साहेबांच्या घरी आज दुसरा विषय नसेल.”

टाकी त्यानेच आणली होती. मामंजी गेले, तेव्हा तो गावी जाऊन आत्यांना घेऊन आला. आत्या काही इथे रमेनात, म्हणून त्यांना विरंगुळा हवा असं कुणीतरी बँकेत सांगितलं आणि ह्याने काचेची टाकी, सोनेरी मासे, रंगीत खडे, प्लॅस्टिकचा किल्ला असं सगळं एकदम उचलून आणलं. जिच्या माहेरी नि सासरी मासा म्हणजे पोटाचा धंदा, तिला शोभेचे मासे. आत्यांनी टाकीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “एवढ्याशा माशाला तिखट-मीठ लावायचं तरी कुठं?” पुढे ते मासे नळाच्या पाण्याने एकेक करून गेले. “बिलिचिंगचं पानी वतलंस त्यांच्या डोळ्यात,” एवढंच त्या दिनकरला म्हणाल्या. मग कितीतरी दिवस टाकी कोरडी पडून होती.

त्यानंतर त्या त्यांच्या भावाकडे, सदूमामांकडे, बारशाला म्हणून गावी गेल्या. परत आल्या त्या ओळखीच्या टेम्पोतून, एक पोतं नदीची वाळू, नदीच्याच पाण्याचे दोन कॅन आणि एक झाकणाचा डबा घेऊन. मी त्या दिवशी माहेरी होते आणि दिनकर बँकेत. संध्याकाळी येऊन बघतो तर खडे आणि किल्ला बादलीत, टाकीत वाळू, वाळूवर पाणी.

“यात काय आहे, आई?”

“वाम हाय. ल्हान हाय अजून.”

“कुठाय?”

“वाळूत. वाम काय तुझ्यासाठी हिंडून दावनार हाय व्हय? दिसभर वाळूत गाडून घेती, नाक तेवढं वर. अंधार झाला की भाईर.”

वाम आम्ही दोघांनीही पाहिलेली होती, पण ताटात. लांब, सापासारखी, पाठीवर बारीक काटे, आणि चवीला अशी की आमच्यात पाहुण्याला वाम वाढली की त्याचा मान झाला म्हणायचं. खायचा मासा कुणी पाळत नाही. म्हणून दिनकरला ते आधी गमतीचं वाटलं, मग चमत्कारिक वाटलं आणि मग त्याला त्याची भीती वाटायला लागली.

भीती वाटायला त्याच्यापाशी कारण होतं. त्याची आजी म्हातारपणी भ्रमिष्ट झाली होती. कुणालाही न सांगता नदीवर जाऊन बसायची, एकदा तर पुढच्या गावातून तिला बैलगाडीत घालून आणली. दिनकर लहान होता. गाडीतून उतरताना आजीने त्याला “तू कुणाचा रं?” असं विचारलं, ते तो कधी विसरला नाही. आता आत्यांच्या हातून दूध उतू गेलं की त्याला आजी दिसायची. आमच्या कॉलनीत तीन इमारती, तिन्हींना एकच पिवळा रंग. आत्या एकदा चुकून शेजारच्या इमारतीत चढल्या आणि भलत्याच घराची बेल वाजवून आल्या. तसं तर पहिल्या वर्षी मीही वाजवली होती. पण माझं हसण्यावारी गेलं आणि त्यांचं दिनकरच्या मनात जाऊन बसलं.

आणि आत्यांचं रोजचं एक पालुपद होतं. “मला गावाला सोड.”

“एकटी कशी राहशील?”

“जशी र्‍हायची तशी.”

“तुझं डोकं ठिकाणावर नाही, आई. रिकाम्या टाकीत गांडुळं टाकतेस.”

“माझं डोस्कं ठिकानावर हाय. वाम बी ठिकानावर हाय.”

मी मशीनवर बसून दोघांचं ऐकत असे. खरं सांगायचं तर मलाही काही दिसलं नव्हतं. टाकीवरचा दिवा दिवसभर चालू असायचा, आणि संध्याकाळी लोडशेडिंगला लाईट गेली की उकाड्याने आख्खी इमारत खाली अंगणात उतरायची. आत्यांचे गुडघे दुखायचे, त्या एकट्याच वर टाकीपाशी बसून राहायच्या. सकाळी गांडूळ नसायचं एवढं खरं. दिनकर म्हणायचा, ते वाळूत शिरलं असेल, गांडूळच ते.

शेवटी आत्यांनी सदूमामांना निरोप धाडला. सदूमामा रविवारी सकाळी जीप घेऊनच हजर झाले. आत्यांपेक्षा लहान, पण नात्यातला कुठलाही तंटा त्यांच्याशिवाय मिटत नसे. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, चहा प्याले आणि मांडीवर थाप मारून म्हणाले, “ह्यात भांडान कशाला? सोपं हाय. आक्का म्हनती वाम हाय. पोरगं म्हनतंय न्हाई. टाकी उपसू. वाम जित्ती गावली, तर आक्काचं डोस्कं तुझ्या-माझ्यापरास बरं. मी तिला आत्ता गाडीत घालून गावाला नेतो, तू आडवा यायचं न्हाईस.”

“आणि नाही सापडली तर?” दिनकरने विचारलं.

“तर आक्कानं गावाचं नाव काढायचं न्हाई. तू म्हनशील त्या डागदराकडं जायाचं. काय आक्का?”

आत्यांनी टाकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बरं.”

मामांनी नळीने पाणी बादल्यांत काढलं, बाह्या सरसावल्या आणि वाळूत हात घातले. उभा जन्म नदीत काढलेला माणूस. एका कडेने सुरुवात करून मूठमूठ वाळू बोटांतून गाळत ते दुसऱ्या कडेला आले, परत फिरले. तळाला एक कापड लागलं, त्यावरची वाळूसुद्धा त्यांनी चाचपली. दिनकर शेजारी उभा राहून बघत होता. त्याच्या तोंडाकडे पाहून मला कळेना की ह्याला वाम सापडायला हवी आहे की नको आहे. मामांचा हात एकदा कापडाच्या कोपऱ्याशी गेला, तेव्हा आत्यांनी पुढे होऊन तो कोपरा आपल्या हाताने खाली दाबून धरला.

“बास झालं, सदू. न्हाई ती. मेली आसंल.”

“आक्का, नीट बघू का अजून?”

“न्हाई म्हनले न्हवं.”

मामांनी हात पुसले. जाताना त्यांनी बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिकामी जीप घेऊन गेले. दिनकर जिन्यापर्यंत जाऊन आला आणि सोफ्यावर बसून राहिला. आत्यांनी मात्र बाजूला ठेवलेल्या बादल्या उचलल्या आणि सगळं पाणी परत टाकीत ओतलं.

“आता कशाला, आई? रिकामी करून देऊन टाकू या कुणाला तरी.”

“र्‍हाऊ दे चार दिस. काच सुकली की चिरती,” त्या म्हणाल्या. मी काचेचं असं काही ऐकलं नव्हतं, पण त्या वेळी कोण विचारणार?

दुसऱ्या दिवसापासून घराची तऱ्हा बदलली. दिनकर आत्यांना मिरजेच्या एका डॉक्टरांना दाखवून गोळ्या घेऊन आला. बँकेत जाताना तो गॅस सिलिंडरपाशीच बंद करून जायचा. वॉचमनला सांगून ठेवलं की आजींना एकटीला फाटकाबाहेर सोडायचं नाही. तो आत्यांशी बोलायचा तेसुद्धा सावकाश आणि मोठ्याने, लहान पोराशी बोलावं तसं. “आई, ही गोळी. पाण्याबरोबर. गिळ.” आत्या गिळायच्या. ज्या बाईने भर मासळीबाजारात गिऱ्हाइकांची बोलती बंद केली, ती बाई “बरं” म्हणून गोळी गिळते हे मला बघवेना. भांडल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. गावाचं नावही त्यांनी काढलं नाही. कबूलच केलं होतं म्हणा.

माझ्या मनात मात्र ते कापड राहिलं होतं. ते मी ओळखलं होतं. आत्यांच्या जुन्या लुगड्याचा तुकडा होता तो, चारी बाजूंनी दुमडून माझ्याच मशीनवर शिवलेला. त्या गावाहून आल्यावर दोन-चार दिवसांनी त्यांनी तो माझ्याकडून शिवून घेतला होता, काखेला धरून माप दाखवत की हितनं हितवर पायजे. मला वाटलं होतं, देवाच्या पाटाला हवा असेल. टाकीच्या तळाला दुकानदाराने पाणी गाळायला एक भोकांची प्लॅस्टिकची जाळी बसवलेली होती, तळापासून बोटभर उंच, आणि कोपऱ्यात तिच्यात उतरणारी एक नळी. वाळू त्या भोकांतून खाली जायला लागली म्हणून आत्यांनी मागाहून ती बाजूला सारून कापड अंथरलं होतं. म्हणजे सदूमामांनी ज्याला तळ समजून हात काढून घेतला, तो तळ नव्हताच. त्याखाली आणखी बोटभर जागा होती. आणि ही गोष्ट घरात आत्यांइतकी कुणालाच ठाऊक नव्हती.

एका संध्याकाळी लाईट गेली तेव्हा मी खाली गेले नाही. दिनकरला सांगितलं, डोकं दुखतंय. आत्या नेहमीच्या जागी जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जा म्हणाल्या नाहीत. खिडकीतून संधिप्रकाश येत होता तेवढाच. टाकीतला हवेचा पंप बंद पडल्यामुळे पाणी अगदी स्थिर झालं होतं.

मग कोपऱ्यातल्या नळीच्या तोंडातून एक टोकदार नाक बाहेर आलं. पुढे बारीकशी सोंड, ती इकडेतिकडे हलवून वास घेत होती. त्यामागून तपकिरी अंग सरकत सरकत बाहेर आलं, हातभर तरी असेल, पाठीवर पिवळसर नक्षी. ती वाळूवर उतरली, एक फेरी मारली आणि आत्यांनी सोडलेलं गांडूळ एका झटक्यात ओढून घेतलं. मी ताटात इतक्या वामी खाल्ल्या, पण ती इतकी देखणी असते हे मला त्या दिवशी कळलं.

“आत्या,” मी म्हणाले, “तुम्हाला ठाऊक होतं.”

“व्हय.”

“जाळीखाली होती. तुम्ही कापड दाबून धरलंत.”

“व्हय.”

“अहो, मग बोलला का नाहीत? ह्यांनी तुम्हाला वेडं ठरवलं. वॉचमनला सांगून ठेवलंय. गोळ्या चालू केल्यात.”

आत्या वामीकडे बघत राहिल्या. “बोलले आसते तर सदू गाडी घिऊनच आल्ता.”

मला समजायला जरा वेळ लागला. “म्हणजे तुम्हाला जायचं नाही?”

“कुठं जाऊ गं? बारशाला गेल्ते तवा घाटावर जाऊन बसले. वळखीचं मानूस न्हाई. संगतीच्या सगळ्या गेल्या. घर उघडलं तर कोंदट वास. चूल पेटवली, एक भाकरी थापली, आन् ती बी खाववंना. एकटीसाठी काय थापायची?” त्यांनी पदर सारखा केला. “तवाच कळलं मला, आता आपन गावाला काय परत येत न्हाई. म्हनून तर हिला घिऊन आले. जानारच आसते तर हिला कशाला आनू?”

“मग राहते म्हणायचं. एवढं सोपं.”

“वरीसभर ‘सोड गावाला, सोड गावाला’ म्हनून त्याचा जीव खाल्ला. आता कुठल्या तोंडानं म्हनू?” मग आवाज बदलून म्हणाल्या, “आन् त्यानं एकदा तरी म्हनलंय का, आई, र्‍हा म्हनून? त्याचा बाप गेला तवा न्यायला आला, तर काय म्हनला? चल, न्हाईतर लोक काय म्हनतील. नंतर म्हनायला लागला, एकटी कशी र्‍हाशील. मग म्हनायला लागला, डोस्कं चालत न्हाई. समदं म्हनला, तेवढं एक सोडून. सदूला बी त्यासाठीच बोलावला, गाडी दारात बघून तरी म्हनंल. मला बी वाटलं, जाऊ दे. येडी म्हनून र्‍हायले तर र्‍हायले. घरात तर र्‍हाईन.”

खालून पोरांचा गलका ऐकू येत होता. मला रडू आलं, आणि रागही आला, दोघांचाही. एक राहा म्हणेना, दुसरी राहते म्हणेना, आणि मधल्या मधे ह्या बाईला जन्मभर गोळ्या गिळायला लागणार होत्या.

“मी ह्यांना सांगते,” मी म्हणाले.

“काय सांगशील?”

“वाम आहे, एवढंच. बाकीचं तुमचं तुम्ही बघा.”

त्या हो म्हणाल्या नाहीत, नकोही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिनकर बँकेतून आला, तसं मी त्याला चहासुद्धा दिला नाही. हात धरून टाकीपुढे बसवलं. दिवा विझवला, पडदा ओढला, पंप बंद केला. आत्या स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या.

“काय चाललंय, कुंदा?”

“गप्प बसा आणि बघा.”

बराच वेळ काही झालं नाही. तो दोनदा उठायला निघाला, मी दोनदा खाली बसवला. मग नळीतून ते नाक आलं. दिनकर काचेकडे वाकला. वाम पूर्ण बाहेर आली, काचेला लागून त्याच्या तोंडासमोरून गेली, शेपूट हलवत वाळूत तोंड खुपसलं आणि बघता बघता दिसेनाशी झाली. राहिलं ते नाकाचं टोक.

“आहे की,” तो अगदी हळू म्हणाला. “कुंदा, अगं, आहे की ही.”

“आहे. म्हणजे आत्यांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा बरं. शब्द दिलाय तुम्ही. सदूमामांना फोन करा, गाडी घेऊन या म्हणावं.”

दिनकर हलला नाही. पूर्वी कधी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, त्या वेळीही पाहिलं असं म्हणता येणार नाही, कारण अंधार होता. मामांच्या हाताला वय झालं म्हणून वाम सुटली, असंच त्याला आजतागायत वाटतं, आणि मी त्याचा तो समज कधी मोडलेला नाही. थोड्या वेळाने तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मी टाकीपाशीच बसून ऐकत होते.

“आई, वाम बघितली.”

“बरं.”

“चुकलो मी.”

“आसू दे.”

सुरी परत चालू झाली. कांदा संपला असावा, तरी सुरी चालूच होती.

“मामाला बोलावू का मग? जायचंय तुला?”

“बोलाव की. तुमचं ठरलंच हाय.”

मला वाटलं, हा आता फोनकडे वळतो आणि झालं सगळं. मी उठणार एवढ्यात त्याचा आवाज आला. बँकेतला नव्हे, गोळ्या देतानाचाही नव्हे.

“नको जाऊस.”

“का रं? लोक काय म्हनतील म्हनून?”

“नाही.”

“मग एकटी कशी र्‍हाईल म्हनून?”

“नाही, आई. तू राहशील, मला माहीत आहे.” तो अडखळला. “मीच नाही राहायचो. दार उघडल्यावर तू तिथं भिंतीला टेकून बसलेली दिसलीस की बरं वाटतं मला. आबा गेले, आता तू पण गेलीस तर… तू राहा. माझ्यासाठी राहा.”

सुरी थांबली. ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. मग आत्यांनी नाक ओढलं, कांद्याने असेल.

“रविवारी मोकळा हाईस का तू?”

“आहे. का?”

“गावाला जाऊन माझा पाटा-वरवंटा घिऊन ये. दोघं लागतील उचलायला, सदूला हाताखाली घे. त्या मिक्सरातल्या वाटनाचं कालवन मला काय जलमभर गिळायचं न्हाई.”